रिकामी फाइल

"आत काय लिहू?" मामानं विचारलं.
काही नको. फाइल रिकामीच हवी.
नाव तीन अक्षरांचं, एस एस एच,
पुढं टिंब नाही, शेपूट नाही.
"आणि एवढ्यानं दार उघडेल?"

त्याच्या मागं कुठंतरी शेगडीत लाकूड तडकलं.
तो बोहिन्यच्या चढावर, चष्मा कपाळावर सरकवून,
नखाएवढं कार्ड चिमटीत,
राणीमाशी धरतात तसं, न चेंगरता.
मी मारीबोरमध्ये, रात्रपाळी उतरून,
पायात अजून इस्पितळाच्या चपला.

"मे महिन्यात रिकामी पेटी ठेवलीच होती, नेझा.
आत जुन्या मेणाचा वास, बाकी शून्य.
तिसऱ्या दिवशी थवा आला. आपणहून."
तेच, मी म्हणाले. तेच आहे हे.

सतरा पेट्या. प्रत्येकीच्या दाराशी पणजोबांनी रंगवलेली फळी.
सातवीवर शिकाऱ्याची अंत्ययात्रा,
खांद्याला ससे, पुढं अस्वल.
तिच्याखाली वजनकाटा,
काट्याला बांधलेला हा पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक.
पडदा नाही, कळा नाहीत,
एक हिरवा दिवा, तोही मामानं चिकटपट्टीनं झाकलेला,
माश्यांना त्रास नको म्हणून.

राउटरमधून मी बोगदा आधीच खणून ठेवला होता.
यादीत मामाचा फोन, मामाचा टीव्ही,
आणि एक बिननावाचा, शेवटी सत्तेचाळीस.
हाक मारली.
तो म्हणाला, तुझी-माझी ओळख नाही,
हा माझा ठसा, पुढं यायचं का बघ.
हो, असं पूर्ण लिहावं लागतं. नुसती मान हलवून चालत नाही.
मग पासवर्ड. टंकताना काहीच उमटत नाही,
ठिपकासुद्धा नाही,
अंधारात कुलपाचं भोक चाचपावं तसं.
चुकलं. पुन्हा चुकलं. मग
एक चौकोन लुकलुकत राहिला, माझी वाट बघत.

बेचाळीस किलो चारशे ग्रॅम.

तो हिवाळा मी असा काढला:
पहाटे चारला, सलाईनच्या दोन बाटल्यांच्या मधे,
सातवीत डोकावायचं.
रोज वीस-तीस ग्रॅम कमी.
एवढ्यावर त्या थरथरून एकमेकींना ऊब देत होत्या.
फेब्रुवारीत आकडा थांबला.
आठ दिवस एक ग्रॅमही हलला नाही.
मला वाटलं, काटकसरीच्या.
वॉर्डातल्या गोराझ्दला सांगितलंसुद्धा, कौतुकानं.

नवव्या पहाटे पडद्यावर मोठ्या अक्षरांत आरडाओरडा:
ओळख बदलली आहे.
मधे बसून कुणी ऐकत असेल.
पत्ता तोच, शेवटी सत्तेचाळीस, आणि ठसा परका.
मामाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला.
पाच वाजता. साडेपाचला.
त्या दीड तासात मी त्याला किती प्रकारे पाहिलं
ते लिहीत नाही.

सहाला त्यानं उचलला.
"गोठ्यात होतो. तुझं ते कार्ड ओल लागून गेलं.
कॅलेंडरच्या पाठीवर सगळं लिहून ठेवलं होतं ना,
नवीन केलं काल रात्री. रिकामी फाइलसुद्धा.
कुणाला विचारलं नाही."
आवाजात जरा ताठा होता. मग तो विरला.
"आणि सातवीतल्या वारल्या."

आमच्याकडं कुत्रं मरतं, गाय मरते.
मधमाशी वारते.

वजन खरंच होतं. मध तसाच होता,
खायला कुणी उरलं नव्हतं.

मी जुन्या ओळखीची ओळ शोधली,
अक्षरांची लांबलचक साखळी, वाचता न येणारी,
आणि पुसली. एवढंच करायचं असतं.
पुन्हा हाक. पुन्हा परका ठसा. हो.

"काटा आठवीखाली सरकवलाय," मामा म्हणाला,
"सातवी धुऊन ठेवतो. मेणाचा वास तेवढा राहू देतो.
पोचलीस का आत?"
पोचले.
"काय दिसतंय?"
थांब, म्हटलं. अजून मोजतोय.